सैनिकांच्या छावणीतील सेवाव्रती : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

प्रतिवर्षी १२ मे हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांतून मुली, आणि अलीकडे मुलगेही, परिचर्येच्या सेवेत गेलेले आहेत. ज्यांच्या जन्मदिनी हा दिवस येतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपणास शालेय वयापासून परिचित आहे. हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी स्त्री, हे त्यांचे चित्र आपल्या मनात ठसलेले आहे.

हे चित्र खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. ज्या इस्पितळात तो दिवा फिरत होता, त्याच इस्पितळात त्या हिवाळ्यात चार हजारांवर सैनिक मृत्यू पावले. त्यांतील बहुतेकांचा बळी शत्रूच्या गोळीने घेतला नव्हता, रोगाने घेतला होता. हे असे का घडले याचा शोध फ्लॉरेन्सबाईंनी युद्ध संपल्यावर घेतला. हाती आलेले उत्तर स्वतःला क्लेश देणारे असूनही त्यांनी ते दडवले नाही. उर्वरित आयुष्य त्यांनी त्या उत्तराच्या पाठपुराव्यात वेचले. त्यांच्या जीवनाची ही बाजू आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

जन्म, शिक्षण आणि पाचारण

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. त्यांचे नावही त्या नगरीवरूनच ठेवण्यात आले. घराणे इंग्लंडमधील, सधन आणि प्रतिष्ठित. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती. आकड्यांची ही आवड पुढे हजारो सैनिकांचे प्राण वाचवण्याच्या कामी येईल, याची त्या वेळी कोणास कल्पना असणार?

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षात असताना, परमेश्वर आपणास त्याच्या सेवेसाठी बोलावीत आहे असा अनुभव त्यांना आला. ही सेवा कोणती, हे मात्र उमगण्यास पुढे अनेक वर्षे जावी लागली. रुग्णसेवा करण्याची इच्छा त्यांनी घरी बोलून दाखवली तेव्हा मोठाच विरोध झाला. त्या काळी इंग्लंडमधील इस्पितळांत काम करणाऱ्या स्त्रियांकडे समाज आदराने पाहत नसे आणि कुलीन घरातील मुलीने तेथे पाऊल टाकणे अशोभनीय मानले जाई. चालून आलेला विवाहाचा प्रस्तावही फ्लॉरेन्सबाईंनी नाकारला.

इ. स. १८४७-४८ च्या हिवाळ्यात त्या रोम येथे राहिल्या. तेथील त्रिनिता देई मोंती या कॉन्व्हेंटमध्ये त्यांनी काही दिवसांची आध्यात्मिक साधना केली. मदर सांता कोलोंबा या धर्मभगिनीने त्यांना तेथे मार्गदर्शन केले. कॅथोलिक धर्मभगिनींचे संघ स्त्रियांना सेवेचे शिक्षण, शिस्त आणि कार्यक्षेत्र देतात, हे पाहून त्या प्रभावित झाल्या. कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश करण्याचा विचारही काही काळ त्यांच्या मनात घोळत होता आणि पुढे कार्डिनल झालेल्या हेन्री मॅनिंग यांच्याशी त्यांनी त्याविषयी पत्रव्यवहार केला. अखेरपर्यंत त्या अँग्लिकन पंथातच राहिल्या. १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तीन महिने राहून त्यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनमधील हार्ली स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाच्या त्या व्यवस्थापिका झाल्या. तेथे कॅथोलिक रुग्ण स्त्रियांना प्रवेश देऊ नये असा समितीचा आग्रह होता. सर्व पंथांच्या रुग्णांना प्रवेश मिळेल आणि त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंना त्यांना भेटता येईल, या अटीवरच फ्लॉरेन्सबाईंनी काम पत्करले.

युद्धाआधीच सुरू झालेला मृत्यू

मार्च १८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स या राष्ट्रांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. उन्हाळ्यात या दोन्ही सैन्यांचा तळ काळ्या समुद्राच्या किनारी वार्ना येथे पडला. शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. दक्षिण फ्रान्समधून निघालेल्या सैन्याबरोबर हा रोग जहाजांतून आला होता. रशियाच्या भूमीवर पाऊल ठेवण्याआधीच अनेक तरुणांना तळावरच मूठमाती द्यावी लागली.

सैनिकी छावणी रोगाला इतकी का मानवते, हे येथे समजून घेतले पाहिजे. ठिकठिकाणांहून आलेले हजारो तरुण एका मैदानात तंबू ठोकून दाटीवाटीने राहतात. सर्वांचे पिण्याचे पाणी एकाच ओढ्याचे किंवा विहिरीचे. शौचाचे चर बहुधा त्याच पाण्याजवळ. त्यामुळे कॉलरा, हगवण आणि विषमज्वर एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जातात. आठवडेच्या आठवडे अंगावरचे कपडे बदलता येत नाहीत. त्यांत उवा होतात आणि उवांबरोबर टायफसचा ताप पसरतो. अन्न अपुरे, झोप अपुरी, त्यामुळे शरीरात प्रतिकार करण्याचे बळ उरत नाही. आज ही कारणे आपणास ठाऊक आहेत. १८५४ साली ती वैद्यांनाही ठाऊक नव्हती. दूषित हवेतून रोग होतो, असाच सर्वसाधारण समज होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी तिचा उगम ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या एका पंपात असल्याचे दाखवून दिले. परंतु त्यांचे म्हणणे मान्य होण्यास बराच काळ जावा लागला. त्या साथीत मिडलसेक्स इस्पितळात रुग्णांची सेवा करण्यासाठी फ्लॉरेन्सबाई स्वतः गेल्या होत्या.

सप्टेंबरमध्ये सैन्य क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरले. आल्माची लढाई जिंकली गेली. परंतु जखमी आणि रोगी सैनिकांचे हाल टाइम्स या वृत्तपत्राने प्रसिद्ध केले तेव्हा इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. फ्रेंच सैन्याच्या सेवेला धर्मभगिनी आहेत, मग आमच्या सैनिकांना कोणीच का नाही, असा प्रश्न लोक विचारू लागले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सबाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन त्या २१ ऑक्टोबर १८५४ रोजी निघाल्या.

या ३८ जणींपैकी १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. लंडनच्या बर्मंडसी भागातील सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या पाच भगिनी तर आपले बिशप थॉमस ग्रँट यांच्या सांगण्यावरून आधीच घराबाहेर पडल्या होत्या आणि पॅरिस येथे उर्वरित तुकडीची वाट पाहत थांबल्या होत्या. त्यांच्या प्रमुख मदर क्लेअर मूर. आयर्लंडमधून मदर ब्रिजमन यांच्या नेतृत्वाखाली आणखी १५ धर्मभगिनी डिसेंबरमध्ये येऊन दाखल झाल्या. अधिकार कोणाचा चालावा यावरून मदर ब्रिजमन आणि फ्लॉरेन्सबाई यांच्यात मतभेद झाले व ते अखेरपर्यंत मिटले नाहीत, हे इतिहासाला धरून सांगितले पाहिजे. मदर क्लेअर यांच्याशी मात्र फ्लॉरेन्सबाईंचा जन्मभराचा स्नेह जुळला.

स्कुतारीचे इस्पितळ

४ नोव्हेंबर १८५४ रोजी ही तुकडी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, समोरील स्कुतारी येथे पोहोचली. तुर्की सैन्याच्या एका प्रचंड बराकीचे तेथे इस्पितळ करण्यात आले होते. क्रिमियातून रोगी व जखमी सैनिक काळा समुद्र ओलांडून जहाजांनी आणले जात. कित्येकांचा प्रवासातच अंत होई. इस्पितळात खाटा अपुऱ्या, चादरी अपुऱ्या, साबण नाही, टॉवेल नाहीत. मैलोन्‌मैल लांबीच्या व्हरांड्यांत माणसे जमिनीवर ओळीने निजवलेली.

फ्लॉरेन्सबाईंनी कामास आरंभ केला. टाइम्सने जमवलेल्या निधीतून आणि स्वतःच्या पैशातून त्यांनी सामान विकत घेतले. धुलाईघर उभारले, पथ्याच्या अन्नासाठी स्वयंपाकघरे सुरू केली, सैनिकांची पत्रे लिहून दिली, मरणोन्मुखांच्या उशाशी त्या स्वतः बसल्या. धर्मभगिनींनीही रात्रीचा दिवस केला. सैनिकांनी त्यांना मनापासून दुवा दिला, यात शंका नाही.

आणि तरीही मृत्यू थांबेना. क्रिमियातील छावणीत थंडी, उपासमार, हगवण आणि स्कर्व्ही यांनी सैन्य पोखरून निघाले होते. तेथून आलेला सैनिक जखमेतून वाचला तर इस्पितळातच ताप किंवा हगवण होऊन दगावे. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्यांपैकी शंभरातील सुमारे ४२ जण मृत्यू पावले. सेवा वाढली होती, सामान आले होते, हात वाढले होते. आणि मरणाचा आकडा सर्वांत उंच गेला होता.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले आरोग्य आयोगाचे सदस्य डॉ. जॉन सदरलँड, डॉ. हेक्टर गॅव्हिन आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन स्कुतारीस पोहोचले. त्यांनी जमिनीखाली पाहिले. ती प्रचंड इमारत तुंबलेल्या मैल्याच्या गटारांवर उभी होती आणि तेथील दूषित वायू शौचकुपांच्या नळांवाटे रुग्णांच्या दालनांत येत होता. पिण्याच्या पाण्याच्या मार्गात घोड्याचे कुजलेले कलेवर सापडले. पहिल्या पंधरवड्यात ५५६ हातगाड्या व टोपल्या भरून घाण बाहेर काढण्यात आली आणि मेलेली २६ जनावरे पुरण्यात आली. गटारे धुतली गेली, पाण्याचा मार्ग साफ झाला, भिंतींना चुना लावण्यात आला, छपराला हवा जाण्यासाठी झरोके पाडण्यात आले. जून महिन्यात मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे २ वर आले.

मे १८५५ मध्ये फ्लॉरेन्सबाई क्रिमियातील इस्पितळे पाहण्यास गेल्या आणि बालाक्लाव्हा येथे स्वतःच तापाने आजारी पडल्या. त्या ताप्याला क्रिमियाचा ताप म्हणत. हा ब्रुसेलोसिस असावा, असे आधुनिक वैद्यांचे मत आहे. या रोगाचा जंतू १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांच्या शरीरात शोधून काढला आणि शेळीच्या दुधातून तो पसरतो हे १९०५ साली झॅमिट यांनी सिद्ध केले. या दुखण्याने फ्लॉरेन्सबाईंची प्रकृती कायमची खालावली. मदर ब्रिजमन यांच्या तुकडीतील सिस्टर विनिफ्रेड कॉलऱ्याने आणि सिस्टर एलिझाबेथ टायफसने क्रिमियातच निवर्तल्या. दोघींच्या समाध्या बालाक्लाव्हा येथे आहेत.

दुसऱ्या हिवाळ्याने जगाला एक मोठा धडा शिकवला. ब्रिटिश छावणीत आता स्वच्छ पाणी, निवारा आणि पुरेसे अन्न होते. तेथे मृत्यू थोडे झाले. शेजारच्या फ्रेंच छावणीत, जिचे पहिल्या वर्षी सर्वत्र कौतुक झाले होते, तेथे टायफसने हजारो बळी घेतले. हवामान तेच, युद्ध तेच. फरक केवळ व्यवस्थेचा होता.

आकड्यांपुढे नतमस्तक

मार्च १८५६ मध्ये तह झाला. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्सबाईंच्या स्वागताची मोठी तयारी चालली होती. ती टाळून त्या ऑगस्टमध्ये गुपचूप लंडनला परतल्या आणि प्रथम बर्मंडसीच्या कॉन्व्हेंटचे दार त्यांनी ठोठावले. सकाळचा काही वेळ मदर क्लेअर यांच्यासमवेत प्रार्थनेत घालवून मग त्या आपल्या घरी गेल्या.

त्या वेळी त्यांची समजूत अशी होती की उपासमार, अतिश्रम आणि सैनिकांना इस्पितळात पाठवण्यास झालेला उशीर यांमुळे एवढे मृत्यू झाले. पुढे संख्याशास्त्रज्ञ डॉ. विल्यम फार यांच्यासमवेत त्यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. युद्धात सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक मृत्यू पावले होते आणि त्यांतील सुमारे १६ हजार रोगाने. याहून कठोर गोष्ट पुढेच होती. पहिल्या हिवाळ्यात सर्वाधिक मृत्यू झालेले इस्पितळ त्यांचे स्वतःचे, स्कुतारीचे होते. ज्या सैनिकांना सुश्रूषेसाठी त्यांच्याकडे पाठवण्यात आले, त्यांना त्या इमारतीनेच गिळले होते.

ही जाणीव त्यांना कोणत्या वेदना देऊन गेली असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्यांची प्रकृती पूर्णपणे ढासळली. त्या आजारपणाचे एक कारण हाच आघात होता, असे काही चरित्रकार मानतात. सारे जग त्यांना देवदूत म्हणत होते. त्यांनी मौन पाळले असते तर कोणीही त्यांना जाब विचारला नसता. परंतु त्यांनी आठशेहून अधिक पानांचा अहवाल लिहून १८५८ साली खाजगीरीत्या छापला आणि जबाबदार व्यक्तींच्या हाती दिला. तक्ते वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यांसाठी त्यांनी एक वर्तुळाकार आकृती काढली. त्यात प्रत्येक महिन्याची एक पाकळी होती. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल रंगात आणि इतर कारणांचे काळ्या रंगात. निळा रंग इतका पसरलेला होता की अधिक स्पष्टीकरणाची गरजच उरली नाही. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

युद्ध संपल्यावरही मायदेशातील बराकींत सैनिक मरतच होते. नागरी जीवनात तरुणांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी ११ असताना सैन्याच्या विविध दलांत ते १७, १९ आणि २० होते. निवडून घेतलेले धडधाकट तरुण कोंदट बराकींत राहून क्षयाने आणि तापाने दगावत. दरवर्षी अकराशे जवानांना मैदानात उभे करून गोळ्या घालण्याइतकाच हा अपराध आहे, अशा आशयाचे कठोर शब्द त्यांनी वापरले. सिडनी हर्बर्ट यांच्या साहाय्याने बराकींत हवा, पाणी व सांडपाण्याची सोय करण्यात आली आणि सैनिकी वैद्यकाचे विद्यालय स्थापन झाले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाने परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालयही सुरू झाले.

भारतातील छावण्या

आपल्या देशाशी त्यांचा संबंध याच विषयातून आला. १८५७ नंतर भारतात ब्रिटिश सैनिकांची संख्या वाढली. त्यांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली शाही आयोग नेमण्यात आला. फ्लॉरेन्सबाई भारतात कधीच येऊ शकल्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्यांनी देशभरातील छावण्यांकडे प्रश्नावली पाठवली आणि आलेल्या उत्तरांचा ढीग वाचून काढला. त्यांत आपल्या पुणे, खडकी व कुलाबा येथील छावण्यांचेही अहवाल होते. भारतातील गोऱ्या सैनिकांत मृत्यूचे वार्षिक प्रमाण हजारी ६९ होते. कारणे स्कुतारीचीच होती: दूषित पाणी, सांडपाण्याचा अभाव, गर्दी, त्यांत दारूची भर. आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी पुढे त्यांचा निकटचा स्नेह जडला आणि सुधारणांना त्यांचे साहाय्य झाले. दहा वर्षांनी आढावा घेताना हा आकडा हजारी १८ पर्यंत उतरल्याचे त्या नमूद करू शकल्या.

मात्र या कामातून त्यांना एक गोष्ट उमगली. छावणीभोवती कुंपण घालता येते, रोगाला ते दिसत नाही. शेजारच्या बाजारात आणि गावात लोक गढूळ पाणी पीत असतील तर छावणी निरोगी राहू शकत नाही. येथून त्यांचे लक्ष सैनिकाकडून रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी आणि खेड्यांची स्वच्छता या विषयांवर त्या वृद्धापकाळापर्यंत लिहीत राहिल्या.

त्यांच्या मर्यादाही नमूद करणे उचित ठरेल. रोगजंतूंचा सिद्धान्त स्वीकारण्यास त्यांना बराच काळ लागला. अनेक वर्षे त्या दूषित हवेलाच दोष देत राहिल्या. स्वभावाने त्या करारी होत्या, सहकाऱ्यांकडून त्या अविश्रांत कामाची अपेक्षा करीत. परंतु गटारे साफ करा, पाणी शुद्ध ठेवा, खिडक्या उघडा आणि प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवा, हा त्यांचा उपाय कारणाचे नाव चुकले तरी अचूक होता.

अखेरचा काळ

मदर क्लेअर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १८७४ साली मदरच्या निधनापर्यंत चालू राहिला. मदर त्यांना कॅथोलिक संतांचे ग्रंथ वाचावयास देत. स्कुतारीतील प्रमुखपद वास्तविक मदर क्लेअर यांनाच शोभले असते, असे फ्लॉरेन्सबाईंनी त्यांना कळवले होते. पंथभेदाच्या त्या कटू काळात हा स्नेह आम्हास विशेष मोलाचा वाटतो.

१९०७ साली त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांनी लंडन येथे देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन करण्याची सूचना त्यांच्या इच्छेनुसार नाकारण्यात आली. ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. तिच्यावर केवळ नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.

२०२० साली त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी कोरोनाच्या महामारीने जगाला ग्रासले. इंग्लंडमध्ये तातडीने उभारलेल्या इस्पितळांना त्यांचे नाव देण्यात आले. हात धुवा, खिडक्या उघड्या ठेवा, दाटी टाळा, या सूचना आपण सर्वांनी त्या काळात ऐकल्या. त्या ऐकताना स्कुतारीतील ती गटारे कितीजणांना आठवली असतील?

प्रिय वाचकहो, दुःखितांविषयी कळवळा ही परमेश्वराची देणगी आहे. पण कळवळ्याने केलेल्या सेवेतही माणसे का दगावतात, असा प्रश्न विचारण्याचे आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेले तरी ते स्वीकारण्याचे धैर्य, हीसुद्धा प्रीतीचीच कृती आहे. आपल्या इस्पितळांत, वसतिगृहांत आणि वृद्धाश्रमांत सेवा करणाऱ्या सर्वांना ते धैर्य लाभो, हीच आमची प्रार्थना.